किनाऱ्यावरचे प्रेक्षक

रॉकेटचे उड्डाण पाहण्यासाठी मुलाबाळांसह घराबाहेर पडण्याची प्रथा रुजली ती अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर, १९५०च्या दशकात. रॉकेटे त्याआधीही उडत होती, पण ती पाहायला कोणी येऊ नये अशीच उडवणाऱ्यांची इच्छा असे. द्रवरूप इंधनावर चालणारे जगातले पहिले रॉकेट रॉबर्ट गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी, नात्यातल्या एका बाईंच्या शेतात उडवले. तेव्हा तिथे चारच माणसे हजर होती : स्वतः गॉडर्ड, त्यांचे दोन सहकारी आणि पत्नी एस्थर. एस्थर यांच्या हाती चावीवर चालणारा चलच्चित्र कॅमेरा होता आणि एकदा चावी दिली की तो जेमतेम सात सेकंद चाले. रॉकेट पेटले, पण जागचे हलायला त्याने वेळ घेतला. ते हलले तोवर चावी संपली होती. अडीच सेकंदांचे आणि साडेबारा मीटर उंचीचे ते उड्डाण चित्रफितीवर आलेच नाही. तीन वर्षांनी, जुलै १९२९ मध्ये, त्याच शेतातल्या आणखी एका उड्डाणाचा एवढा आवाज झाला, की विमान कोसळले असे समजून लोकांनी फोन केले आणि पोलीस व रुग्णवाहिका धावत आल्या. न बोलावता आलेले हे पहिले प्रेक्षक. मग सरकारी बंदी आली आणि गॉडर्ड यांनी आपला कारखाना न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलच्या ओसाड माळावर हलवला.

माणसांपासून लांब जायचे, हाच पुढची वीस वर्षे जागा निवडण्याचा नियम राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतून आणलेली व्ही-टू रॉकेटे अमेरिकी सैन्य न्यू मेक्सिकोच्याच व्हाइट सँड्स वाळवंटात उडवून पाहत असे. २९ मे १९४७ रोजी व्ही-टूवरून बेतलेल्या एका रॉकेटने उत्तरेऐवजी दक्षिणेची वाट धरली आणि सरहद्द ओलांडून मेक्सिकोतल्या हुआरेझ शहराच्या कडेला, एका दफनभूमीजवळ ते आदळले. प्राणहानी झाली नाही. पण लांब पल्ल्याच्या अस्त्रांना वाळवंट पुरणार नाही, त्यांना समुद्रच हवा, या म्हणण्याला त्यातून जोर आला.

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून अटलांटिकमध्ये घुसलेले केप कॅनव्हेरल हे टोक या कामाला सोयीचे होते. पूर्वेला हजारो किलोमीटर पाणी, त्यात रॉकेटचा माग ठेवायला बहामासारखी बेटे, आणि पाठीमागे पाणथळ जमीन, संत्र्यांच्या बागा व तुरळक वस्ती. शिवाय साडेअठ्ठावीस अंश अक्षांशावरून पूर्वेकडे झेपावणाऱ्या रॉकेटला पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी सुमारे १,४७० किलोमीटरचा वेग आयताच मिळतो. हा परिसर एके काळी ‘मॉस्किटो काउंटी’ या नावाच्या जिल्ह्यात मोडत असे. डास आजही आहेत, आणि तिथे रात्र काढणाऱ्यांना जुने नाव पटण्यासारखे आहे. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी मे १९४९ मध्ये तळासंबंधीच्या कायद्यावर सही केली. २४ जुलै १९५० रोजी ‘बंपर ८’ हे तिथले पहिले रॉकेट उडाले. त्या दिवसाच्या प्रसिद्ध छायाचित्रात छायाचित्रकार आपापले कॅमेरे रोखून रॉकेटच्या इतके जवळ उभे दिसतात, की आजच्या सुरक्षा अधिकाऱ्याला घाम फुटावा.

तळ लष्करी होता. कोणते अस्त्र कधी उडणार हे गुपित असे आणि तळाला कुंपण होते. कुंपणाच्या दक्षिणेला मात्र कोको बीचची मोकळी पुळण होती. तिथे कोणीही जाऊन बसावे, कोणाची मनाई नव्हती. आगीचा लोळ सोडत आकाशात चढणारी वस्तू लपवून ठेवण्याचा उपाय तळाच्या अधिकाऱ्यांकडे नव्हता. तळ ज्या ब्रेव्हार्ड जिल्ह्यात आहे त्याची लोकसंख्या १९५० मध्ये २४ हजारांच्या आसपास होती. ती १९६० मध्ये १ लाख ११ हजारांवर आणि १९७० मध्ये २ लाख ३० हजारांवर गेली. वाढलेल्यांत मोठा भाग तळावर नोकरीला आलेल्यांचा होता. नियमित प्रेक्षक असे कोणी प्रथम झाले असतील तर ही कुटुंबे. वडील कामावर काय करतात हे घरात बोलायचे नाही, पण ते जे करतात ते अंगणातून दिसे.

बातमीदारांनी याच पुळणीवर दुर्बिणी लावून ठाण मांडले. मनोऱ्यावरचे दिवे, वाफेचा पांढरा झोत, गाड्यांची ये-जा यांवरून ते अंदाज बांधत. अर्धवट आणि चुकीच्या बातम्या छापून येऊ लागल्या, तेव्हा तळाचे प्रमुख मेजर जनरल डोनाल्ड येट्स यांनी व्यवहारी तोडगा काढला : बातमीदारांना उड्डाणाची कल्पना आधी द्यायची, आणि रॉकेट उडेपर्यंत त्यांनी ती छापायची नाही. सोव्हिएत ‘स्पुटनिक’ उपग्रहानंतर घाईने मांडलेला ‘व्हॅनगार्ड’चा प्रयोग मात्र आधीच जगजाहीर झाला होता. ६ डिसेंबर १९५७ रोजी ते रॉकेट मीटरभर वर उचलले गेले आणि परत मांडणीवरच कोसळून पेटले. त्याच्या शेंड्यावरचा चिमुकला उपग्रह बाजूला घरंगळला आणि तिथूनच संदेश पाठवत राहिला. ही फजिती सगळ्या जगाने पाहिली. ३१ जानेवारी १९५८च्या रात्री ‘एक्सप्लोरर १’ हा उपग्रह सुखरूप वर गेला, तेव्हा बातमीदारांनी येट्स यांच्याशी ठरलेला शब्द पाळला होता.

त्याच वर्षी ‘नासा’ स्थापन झाली. तिच्या कायद्यात, कामाची माहिती शक्य तितक्या विस्ताराने लोकांपर्यंत पोहोचवावी असे कलम घातले गेले. प्रेक्षकांच्या इतिहासात हे कलम मोठे महत्त्वाचे आहे. सोव्हिएत संघाने नेमका उलटा मार्ग धरला. कझाकस्तानातला त्यांचा तळ त्युरातामजवळ होता, पण जाहीर करताना नाव दिले गेले शेकडो किलोमीटर दूरच्या बैकोनूरचे. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन अंतराळात गेले, ते पाहायला तळावरच्या माणसांखेरीज कोणी नव्हते. पाहुणा म्हणून बोलावून उड्डाण दाखवण्याचा मान १९६६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांना मिळाला, आणि तो अपवादच होता. अमेरिकेने आपले अपयशही चारचौघांत पत्करले, त्यामुळे यशालाही साक्षीदार मिळाले.

गागारिननंतर तीनच आठवड्यांनी, ५ मे १९६१ रोजी, ॲलन शेपर्ड पंधरा मिनिटांची अंतराळफेरी करून आले, तेव्हा कोको बीचवर गर्दी होती. पण मुक्कामाची प्रथा पडली ती जॉन ग्लेन यांच्या उड्डाणाने. पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले अमेरिकी ठरणार होते. २७ जानेवारी १९६२ रोजी ग्लेन यानात बसून राहिले आणि उलटी गणती संपायला अर्धा तास उरला असताना ढगांमुळे बेत रद्द झाला. मग इंधनटाकीत दोष निघाला, मग पुन्हा हवामान आड आले. दूरदूरच्या राज्यांतून आलेल्या कुटुंबांनी पुळणीवर तंबू आणि गाडीला जोडायची फिरती घरे उभी केली होती. काहींच्या रजा संपल्या आणि ती परतली. काही तशीच राहिली. २० फेब्रुवारीच्या सकाळी पावणेदहाच्या सुमारास ग्लेन यांचे ‘ॲटलास’ रॉकेट उडाले.

उड्डाण पाहायला जाण्यातला मुख्य भाग वाट पाहण्याचा असतो, हे तेव्हापासून आजवर बदललेले नाही. ठरलेल्या वेळी न उडण्याची कारणे पुष्कळ. कक्षेतल्या लक्ष्याशी मेळ बसायचा तर सुटण्याची वेळ कधी तासांची, कधी मिनिटांची आणि कधी क्षणाची असते. ती हुकली की पुढचा दिवस. समुद्रात राखीव क्षेत्रात एखादी बोट शिरली तरी गणती थांबते. फ्लोरिडाचे उन्हाळी गडगडाटी ढग तर रोजचेच. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यादेखत ‘अपोलो १२’ भर पावसात उडाले आणि मिनिटभरात त्यावर दोनदा वीज पडली. अंतराळवीर बचावले आणि चंद्रावर जाऊनही आले. मार्च १९८७ मध्ये ‘ॲटलास-सेंटॉर’ रॉकेट मात्र विजेनेच नष्ट झाले. त्यानंतर विजेसंबंधीचे नियम इतके काटेकोर झाले, की प्रेक्षकाला निरभ्र वाटणाऱ्या आकाशाखालीही उड्डाण पुढे ढकलले जाते. म्हणून जाणती कुटुंबे परतीच्या तिकिटात दोन-तीन दिवसांची ऐस ठेवतात.

चंद्रमोहिमेसाठी जुना तळ अपुरा पडणार होता. नासाने १९६२ पासून केपच्या पश्चिमेला मेरिट बेटावरची जमीन घेतली. राज्याने दिलेल्या पाणथळ जागेसह तिचा विस्तार १ लाख ४० हजार एकर झाला. तिथल्या लहान वस्त्या उठल्या, संत्र्यांच्या बागा मालकांना भाड्याने परत मिळाल्या. एवढी जमीन हवी होती ती बांधकामासाठी नव्हे, अंतरासाठी. इंधन भरलेले ‘सॅटर्न ५’ रॉकेट मांडणीवरच फुटले तर काय होईल याचा हिशेब मांडून रॉकेट जुळवण्याची १६० मीटर उंच इमारत मांडणीपासून साडेपाच किलोमीटरवर ठेवली गेली. तिच्याच शेजारी बातमीदारांची जागा ठरली. त्यापुढे कोणी उभे राहायचे नाही. पाहुण्यांचे मंचही याच सुमाराला अंतर राखून बांधले गेले. तिकीट काढणाऱ्यांना त्यामागे, आणि इतर सगळ्यांना इंडियन रिव्हर नावाच्या रुंद खाडीच्या पलीकडे टायटसव्हिलला जागा मिळाली. तिथून मांडणी वीसेक किलोमीटर पडते.

या अंतरामुळे प्रेक्षकाला उड्डाण दोनदा अनुभवता येते. आधी उजेड. क्षितिजावर नारिंगी ठिणगी दिसते, ती फुगते आणि रॉकेट मनोऱ्याच्या वर सरकते, तरी कानावर काहीच येत नाही. बातमीदारांच्या जागी आवाज पोहोचायला सोळा सेकंद लागतात, टायटसव्हिलला जवळजवळ एक मिनिट. आवाज येतो तेव्हा रॉकेट कितीतरी वर गेलेले असते. सॅटर्न ५ची उंची ११० मीटर, वजन सुमारे २,९०० टन आणि पहिल्या टप्प्याचा रेटा ३,४०० टनांच्या घरात. त्याच्या आवाजातला मोठा भाग इतका खर्जातला होता की तो कानापेक्षा छातीत जाणवे. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी ‘अपोलो ४’च्या मोहिमेत ते पहिल्यांदा उडाले, तेव्हा किती हादरा बसेल याचा पुरता अंदाज कोणाला नव्हता. सीबीएस वाहिनीचे वॉल्टर क्रॉन्काइट थेट वर्णन करत असताना त्यांच्या तात्पुरत्या खोलीची काच थरथरू लागली, छताचे तुकडे पडू लागले आणि त्यांना हातांनी खिडकी धरून ठेवावी लागली.

‘अपोलो ११’च्या वेळी, १६ जुलै १९६९ रोजी, या प्रथेने आपले सर्वांत मोठे रूप पाहिले. अंदाजे दहा लाख माणसे जिल्ह्यात उतरली, म्हणजे स्थानिक वस्तीच्या चौपटीहून जास्त. आठवडाभर आधीपासून मोटेलांत खोली नव्हती. जुन्या हमरस्त्याच्या कडेला, पुलांवर, पुळणीवर गाड्या लागल्या. लोक टपावर आणि सतरंजीवर झोपले, खाड्यांत होड्यांची दाटी झाली. रात्रभर शेकोट्या, रेडिओ, खाण्याचे ठेले, टोप्या आणि बिल्ले विकणारे विक्रेते. आषाढी वारीच्या मुक्कामाची गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला या दृश्याची कल्पना सहज येईल. आतल्या मंचांवर वेगळा थाट होता. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू, माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन, १९ राज्यांचे गव्हर्नर, ६० राजदूत, काँग्रेसचे २०० सदस्य आणि सुमारे साडेतीन हजार बातमीदार तिथे होते.

त्या गर्दीत काही माणसे वेगळ्या कारणाने आली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यानंतर त्यांच्या संघटनेचे नेतृत्व करणारे राल्फ ॲबरनाथी आदल्या दिवशी गरीब कुटुंबे आणि खेचरे जोडलेला लाकडी गाडा घेऊन तळाच्या दाराशी पोहोचले. चंद्रावर जाण्याएवढा पैसा असलेल्या देशात मुले उपाशी का, हा त्यांचा सवाल होता. नासाचे प्रमुख थॉमस पेन रिमझिम पावसात बाहेर येऊन त्यांना भेटले. उड्डाणाचे बटण न दाबल्याने गरिबी हटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, अशा आशयाचे ते बोलले, आणि त्यांतल्या काही कुटुंबांना पाहुण्यांच्या मंचाचे पास दिले. पेन यांच्या उत्तराने प्रश्न सुटला नाही, पण दोन्ही बाजूंची सभ्यता नोंदवण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजून ३२ मिनिटांनी उड्डाण झाले, तेव्हा नील आर्मस्ट्राँग यांच्या पत्नी जॅनेट आपल्या दोन मुलांसह बनाना रिव्हरमधल्या एका बोटीवर होत्या. अंतराळवीरांच्या घरच्यांनी उड्डाणाला यावे असा आग्रह त्या काळी नसे. बातमीदारांच्या गराड्यातून सुटायला बोट बरी.

‘अपोलो १७’ हे सॅटर्न ५चे माणसांसह झालेले एकमेव रात्रीचे उड्डाण. ६ डिसेंबर १९७२च्या रात्री, तीस सेकंद उरले असताना गणती थांबली. अडीच तासांहून अधिक खोळंब्यानंतर, मध्यरात्र उलटून ३३ मिनिटांनी, रात्रीचा दिवस झाला. चंद्रमोहिमा संपल्या आणि ओघ आटला. १९६८ मध्ये तळावर २६ हजारांवर माणसे कामाला होती, ती दशकभरात दहा हजारांच्या आत आली. या काळात परिसराला आधार मिळाला तो अनपेक्षित बाजूने : ऑक्टोबर १९७१ मध्ये तासाभराच्या अंतरावर ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्ड उघडले. मुलांना घेऊन तिथे आलेली कुटुंबे एक दिवस तळाच्या अभ्यागत केंद्रासाठी राखू लागली. तळाची बससहल १९६६ पासून सुरू होतीच. रिकाम्या मांडण्या पाहून परतणारे हे पर्यटक पुढे स्पेस शटलचे प्रेक्षक झाले.

पहिले शटल ‘कोलंबिया’ १० एप्रिल १९८१ला उडायचे होते. संगणकांचा आपसांत मेळ बसेना, म्हणून लाखोंचा जमाव दोन दिवस आणखी थांबला आणि १२ तारखेला सकाळी सात वाजता त्याचे चीज झाले. पुढच्या पाच वर्षांत उड्डाणे नेहमीची झाली. वाहिन्यांनी थेट प्रक्षेपण थांबवले. किनाऱ्यावर येणाऱ्यांत स्थानिक आणि हौशी उरले. २८ जानेवारी १९८६च्या उड्डाणाला लक्ष लाभले ते त्या यानातून निघालेल्या, न्यू हॅम्पशरमधल्या शाळेच्या शिक्षिका क्रिस्टा मॅकॉलिफ यांच्यामुळे. सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. मंचावर त्यांचे आईवडील होते, त्यांच्या मुलाच्या वर्गातली तिसरीची मुले होती. नियंत्रण इमारतीच्या गच्चीवर इतर अंतराळवीरांची कुटुंबे होती. देशभरातल्या शाळांत दूरचित्रवाणी संच लावलेले होते आणि मध्य फ्लोरिडातली मुले पटांगणात उभी राहून वर पाहत होती. ७३ सेकंदांनी ‘चॅलेंजर’ नष्ट झाले. पांढऱ्या धुराचे दोन फाटे झाले, ते काय आहे हे मंचावरच्या बऱ्याच जणांना लगेच कळलेच नाही; इंधनाचे जोडरॉकेट ठरल्याप्रमाणे वेगळे झाले असावे, असे काहींना वाटले. पुढचे शटल उडायला बत्तीस महिने गेले.

२००३ मधली आपत्ती प्रेक्षकांसमोर अशी घडली नाही. १ फेब्रुवारीला ‘कोलंबिया’ परतणार म्हणून कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचे कुटुंबीय फ्लोरिडातल्या धावपट्टीजवळ वाट पाहत थांबले होते. यान टेक्ससवरच नष्ट झाले.

शटलच्या दिवसांत जवळून पाहण्याची जी व्यवस्था बसली, तिच्यात खाडीवरच्या नासा कॉजवेला विशेष मान होता. पाण्यातून गेलेल्या या रस्त्यावरून मांडणी दहा किलोमीटरवर आणि मध्ये काही आडवे नाही. आत जायला पास लागे. शेवटच्या काही उड्डाणांना मागणी इतकी चढली, की अभ्यागत केंद्राने तिकिटांसाठी सोडत काढली. पास हाती असला तरी उड्डाणाची हमी नव्हती, आणि या बाबतीत कोणाची वशिलेबाजी चालत नसे. २९ एप्रिल २०११ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा पत्नी आणि दोन मुलींसह ‘एंडेव्हर’चे उड्डाण पाहायला निघाले, तापकाच्या बिघाडाने ते त्याच दुपारी रद्द झाले. ओबामा कुटुंबाने दुसरे एक शटल जवळून पाहिले आणि ते परत गेले. एंडेव्हर उडाले सतरा दिवसांनी. शटलचे १३५ वे आणि अखेरचे उड्डाण ‘अटलांटिस’ने ८ जुलै २०११ रोजी केले. हवामान अनुकूल राहण्याची शक्यता ३० टक्के सांगितली गेली होती, तरी लाखो लोक आले होते.

यानंतर नऊ वर्षे फ्लोरिडातून माणूस अंतराळात गेला नाही, पण किनारा ओसाड पडला नाही. खासगी कंपनी स्पेसएक्सने डिसेंबर २०१५ मध्ये रॉकेटचा पहिला टप्पा केपवरच परत उतरवला आणि पाहण्याजोगे काहीतरी नवे मिळाले : वर गेलेले खाली येणे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘फाल्कन हेवी’चे दोन जोडटप्पे शेजारीशेजारी उतरले, आणि ते जमिनीवर टेकल्यावर त्यांच्या ध्वनिस्फोटांचे धमाके कानावर आले. ३० मे २०२० रोजी अंतराळवीर पुन्हा फ्लोरिडातून गेले, तेव्हा करोनामुळे लोकांनी घरीच थांबावे असे नासाने विनवले. लोकांनी ते फारसे मनावर घेतले नाही. २०२४ मध्ये या किनाऱ्यावरून नव्वदहून अधिक रॉकेटे उडाली. आठवड्याला दोन-दोन उड्डाणे होऊ लागल्यावर स्थानिकांना खिडकीची तावदाने वाजली तरी बाहेर यावेसे वाटत नाही. जिल्ह्याचा दूरध्वनी क्रमांक १९९९ पासून ३२१ या आकड्यांनी सुरू होतो, हीच काय ती रोजची आठवण. मोठी गर्दी आता माणसे नेणाऱ्या किंवा नव्या, अजस्र रॉकेटांनाच होते. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांच्या मोहिमेसाठी आलेल्यांना जुना अनुभव पुरेपूर मिळाला. तारीख अनेकदा हुकली आणि उड्डाण झाले २५ जूनला, रात्री अडीच वाजता.

भारतात या प्रथेची वाढ उशिरा झाली, आणि त्याचे एक कारण भूगोलात आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा या कोळीवाड्यातून पहिले रॉकेट उडाले, तेव्हा होमी भाभा आणि विक्रम साराभाई हजर होते. रॉकेटने सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग संध्याकाळच्या आकाशात दूरवरून दिसला, म्हणजे प्रेक्षक आपोआप मिळाले. पण थुंबा पश्चिम किनाऱ्यावर. उपग्रह सोडायला पूर्व किनारा हवा होता. तो शोधण्याचे काम साराभाईंनी ज्या सहकाऱ्यावर सोपवले ते एकनाथ वसंत चिटणीस कोल्हापूरचे. १९६८ मध्ये आंध्र प्रदेशातल्या श्रीहरिकोट्याची निवड झाली. बंगालचा उपसागर आणि पुलिकत सरोवर यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी निलगिरीच्या लागवडीने आणि झाडोऱ्याने भरलेली. तिथल्या यानादी आदिवासींना हलावे लागले. ९ ऑक्टोबर १९७१ पासून तिथून रॉकेटे उडू लागली.

कोको बीचसारखी मोकळी पुळण इथे कुंपणाला लागून नव्हती. सरोवरातून गेलेला एकच रस्ता सुळ्ळुरुपेटा गावाहून बेटावर जातो, आणि त्यावर पहारा असतो. आत जाणारे म्हणजे कर्मचारी, त्यांची कुटुंबे, बातमीदार आणि बोलावलेले पाहुणे. बाकीच्यांनी सरोवराकाठून, दक्षिणेला पळवेर्काडूच्या किनाऱ्यावरून किंवा चेन्नईतल्या गच्चीवरून पाहावे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३चे पहिले उड्डाण समुद्रात संपले आणि १८ जुलै १९८० रोजी दुसरे यशस्वी झाले. त्या सुमारास तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राची धुरा पुण्याचे वसंत गोवारीकर यांच्याकडे आली होती. घन इंधनाच्या कामात त्यांचा वाटा मोठा होता. या प्रत्येक टप्प्याचे प्रत्यक्ष साक्षीदार थोडेच राहिले. २२ ऑक्टोबर २००८ला ‘चांद्रयान-१’ गेले तेव्हा ढग दाटले होते, त्यामुळे आतल्यांनाही काही सेकंदच दिसले. सुळ्ळुरुपेटाची मात्र स्वतःची एक रीत पडली. उड्डाणाआधी इस्रोचे अध्यक्ष तिथल्या चेंगाळम्मा देवीच्या दर्शनाला येतात, आणि ते येऊन गेले की गावाला वेळ जवळ आल्याचे कळते.

सर्वसामान्यांसाठी श्रीहरिकोट्याला प्रेक्षक गॅलरी उघडली ती ३१ मार्च २०१९ रोजी. दुसऱ्याच दिवशी पीएसएलव्ही-सी४५चे उड्डाण तिथून लोकांनी पाहिले. प्रवेश विनामूल्य, नाव आधी इंटरनेटवर नोंदवायचे आणि दारात ओळखपत्र दाखवायचे. पायऱ्यापायऱ्यांच्या या बैठकीवर पाच हजार माणसे मावतील अशी सोय सुरुवातीला केली होती. पहिल्याच पावसाळ्यात तिला वाट पाहण्याचा धडा मिळाला. १५ जुलै २०१९च्या रात्री, राष्ट्रपती रामनाथ कोविंद आत हजर असताना, ‘चांद्रयान-२’ची उलटी गणती ५६ मिनिटे उरलेली असताना थांबली. मध्यरात्रीनंतर हजारोंना परत फिरावे लागले. यान गेले २२ जुलैला दुपारी. करोनात गॅलरी बंद राहिली आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडली. १४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी ‘चांद्रयान-३’ सुटले त्या दिवशी तिथे तिरंगे घेतलेल्या शाळकरी मुलांची आणि कुटुंबांची दाटी होती. श्रीहरिकोट्याहून वर्षाला मोजकीच उड्डाणे होतात, म्हणून जागांची नोंदणी सुरू झाली की लवकर संपते. ज्यांना जागा मिळत नाही ते अजून पुलिकतच्या काठाने गाड्या लावतात.